जर्मनीला निघताना सांगलीतला संसार कुठं ठेवायचा?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. विश्रामबागला भाड्याचा टू बीएचके, मिरजेतली नर्सिंगची नोकरी सोडून जर्मनीतल्या हॉस्पिटलात, सोबत मिस्टर आणि मुलगी. करार तीन वर्षांचा, पुढचं तिथं गेल्यावर ठरणार. निघणार सप्टेंबरात. सगळं सामान पुण्यात सेल्फ स्टोरेजला टाकावं, की गावभागातल्या (नदीकाठच्या जुन्या सांगलीतल्या) सासरच्या घरी खालच्या खोलीत कुलूप लावून ठेवावं, हा पेच. मी सांगलीचीच, आता स्टुटगार्टजवळ राहते. हे सगळं करून इकडं आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गावभागातली खालची खोली आधी डोक्यातून काढा. घरचे म्हणतील, 2005 च्या पुरात आपल्याकडं पाणी आलं नव्हतं. 2005 ला कोरडी राहिलेली कितीतरी घरं 2019 ला बुडाली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी तेव्हा पाणी 57 फुटांवर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी आहे 45. मग 2021 ला परत पन्नाशी ओलांडली. तुम्ही घरात असता तेव्हा 40 फुटांचा इशारा आला की फ्रीज-टीव्ही वर चढवायला हात असतात. तुम्ही इकडं आल्यावर तीन माणसांचा संसार कोण वर नेणार? सासऱ्यांनी स्वतःचं सामान हलवायचं की तुमचं? वरच्या मजल्यावर एखादी खोली असेल तर मात्र मी तीच आधी विचारेन.

पुण्यात स्टोरेज म्हणून जे मिळतं त्यात दोन प्रकार आहेत, आणि जाहिरातीत दोन्हींना एकच नाव असतं. एकात तुम्हाला स्वतंत्र खोली मिळते; कुलूप तुमचं, किल्ली तुमची, त्यांच्या वेळेत कधीही जाऊन या. दुसऱ्यात त्यांची माणसं येऊन सामान बांधतात, यादी करतात आणि गोदामात रचून ठेवतात. मधेच काही हवं झालं तर आधी कळवायचं, बाहेर काढायचे पैसे वेगळे. तीन वर्षं हातच लावायचा नसेल तर दुसरा प्रकार पुरतो. सांगलीजवळच कुपवाडला ओळखीनं एखाद्या शेडचा कोपराही मिळेल, पण पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये फोम, प्लास्टिक आणि फर्निचरच्या सनमाइकची काय दशा होते ते तुम्हाला सांगायला नको.

आता हिशोब. समजा भाडं महिना 3,000 ठरलं. वर्षाचे 36,000, तीन वर्षांचे 1,08,000, वर 18 टक्के जीएसटी धरला की 1,27,440. यात सांगली-पुणे साधारण 230 किलोमीटरचं टेम्पोभाडं दोनदा, हमाली दोनदा आणि दरवर्षीची वाढ धरलेलीच नाही. समोर वही घ्या आणि लिहा: सोफा, पलंग, फ्रीज, वॉशिंग मशीन आज विकलं तर किती येतील, आणि तीन वर्षं बंद पडून राहिल्यावर किती येतील. बहुतेक घरांत दुसरा आकडा भाड्याच्या जवळपासही जात नाही. मला विचाराल तर जे सांगलीच्या बाजारात पुन्हा मिळतं ते विका, आणि जे मिळत नाही तेवढंच ठेवा. तेवढं म्हणजे दहा-बारा खोके आणि आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट असेल तर ते. इतकं सामान विश्रामबाग-मिरजेकडच्या एखाद्या नातेवाइकाच्या माळ्यावरही मावतं.

यंत्रं चालती असली तरच टिकतात. फ्रीजचं रबर कडक होतं, वॉशिंग मशीनच्या पाइपात राहिलेलं पाणी कुबट होतं, प्युरिफायरचा मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) वाळून जातो. इन्व्हर्टरची बॅटरी तर अजिबात ठेवू नका. ती पडून पडून आपोआप उतरते, आणि पूर्ण उतरून राहिली की परत चार्ज घेत नाही. फ्रीज ठेवायचाच असेल तर बर्फ उतरवून, आतून कोरडा पुसून, उभाच ठेवा आणि दाराच्या फटीत कापडाची घडी अडकवा. बंद दाराच्या फ्रीजला येणारा वास पुढं काही केल्या जात नाही. स्कूटर विका, पण आरटीओत नाव बदललेलं बघूनच विमानात बसा. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून डिपॉझिट घ्या. कनेक्शन घेतानाचा कागद आत्ताच शोधून ठेवा.

बांधाबांध मे महिन्यात करा, ऑगस्टवर ढकलू नका. पावसाळ्यात कापड, लाकूड, पुस्तकं सगळं ओल धरतं, आणि तसंच प्लास्टिकमध्ये गुंडाळलं की ती ओल आत कोंडून राहते. पॅकर्सवाले चकचकीत स्ट्रेच फिल्म मारून देतात, दिसायला छान दिसतं. प्रवासापुरतं ठीक आहे, पण गादी आणि लाकडी सामान जागेवर पोचलं की ती फिल्म फाडून सुती चादर घालायला सांगा. खोके पाच-पदरी नवे घ्या. आपल्याकडं द्राक्षाचे खोके फुकट मिळतात म्हणून मोह होतो. ते चार-पाच किलोंसाठी केलेले असतात, रचले की बसतात, आणि त्यांच्या पदरांत झुरळांची अंडी येतात. पुस्तकं लहान खोक्यात, नाहीतर हमाल उचलताना तळच निघतो. तांब्या-पितळेची भांडी वर्तमानपत्रात नको, जुन्या सुती साड्यांत. मसाल्याचे डबे साबणानं धुऊन उन्हात वाळवा. उंदराला रिकामा डबाही कळतो. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून टाका, जरीला लागू देऊ नका. पैठणी घडी घालून तीन वर्षं ठेवली तर घडीवर चिरते. ती गुंडाळी करून मलमलीत ठेवा, किंवा आईकडं द्या म्हणजे अधूनमधून उघडली जाईल. सगळ्या खोक्यांखाली लाकडी पॅलेट आणि भिंतीपासून वीतभर अंतर, वाळवी लागू नये म्हणून.

प्रत्येक खोक्याला नंबर, आत काय आहे त्याचा बंद करण्याआधी फोटो, आणि यादीची एक प्रत भावाकडं. कंटाळवाणं काम आहे, पण विम्याचा दावा करायची वेळ आली तर याच यादीवर उभा राहतो. विमा काढताना पूर आणि पाणी आत शिरणं त्यात धरलंय का ते लेखी घ्या. वाटेतला विमा वेगळा असतो.

लोक पॅकिंगवर तासन् तास बोलतात आणि किल्लीचं विसरतात. तुम्ही नसताना ते दार कोण उघडणार? भाऊ असो वा नणंद, त्या माणसाचं नाव स्टोरेजच्या करारात हवं आणि अधिकारपत्र निघण्याआधी व्हायला हवं. इकडून करायचं म्हणजे वकिलातीची वेळ घेणं, सुट्टी काढणं, आलंच सगळं. दुसरं, पैसे. तुम्ही अनिवासी झालात की नेहमीचं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करून घ्यावं लागतं, आणि त्या गडबडीत भाड्याचं ऑटो-डेबिट बंद पडू शकतं. ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार, तो चालू ठेवा. भाडं थकलं तर सामान अडवून ठेवण्याचा, पुढं विकण्याचाही हक्क बऱ्याच करारांत लिहिलेला असतो. ते कलम सही करण्याआधी वाचा. जमलं तर वर्षाचं भाडं आगाऊ भरा.

मूळ पदव्या, जन्मदाखले, लग्नाचा दाखला तुमच्यासोबत हँडबॅगेत. घराचे कागद आणि सोनं बँकेच्या लॉकरमध्ये, स्टोरेजमध्ये नाही. देवांचं विचारलंत, तर ते गावभागातच, सासूबाईंच्या देव्हाऱ्यात. पाणी आलं तर सगळ्यात आधी तेच वर जातात.

जर्मनीत वीज आपल्यासारखीच, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. मिक्सर आणि तुमचं शिलाई मशीन आणलं तर चालतं, फक्त प्लग बदलावा लागतो. कुकर मात्र इंडक्शनवर चालणाऱ्या तळाचा घ्या. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. भाड्याच्या घरात कित्येकदा ओटा-कपाटंसुद्धा नसतात, स्वयंपाकघर स्वतः बसवायचं. पण घरासोबत बहुधा तळघरात एक छोटी कोठी मिळते, त्यामुळं रिकाम्या बॅगा ठेवायची सोय होते.

मागाहून जहाजानं काही मागवणार असाल, तर किमान सहा महिने वापरलेलं सामान तिथं राहायला गेल्यापासून बारा महिन्यांच्या आत आणलं तर कस्टम ड्यूटीतून सूट मिळते, आणि मग पुढं वर्षभर ते विकता येत नाही. म्हणून त्या खोक्यात नव्याकोऱ्या वस्तू घालू नका. खाण्याचं म्हणाल तर युरोपात सामानातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप आणि साताऱ्याचे कंदी पेढे दोन्ही बाद. निघताना कुणी पेढ्यांचा पुडा हातात दिलाच, तर तो विमानतळाच्या वाटेवरच संपवा.