मुलीला घेऊन तैवानला येताय म्हणून

इथल्या शिंचू शहरात सहा वर्षांच्या मुलीला सरकारी शाळेत घालावं का, ती गाणं शिकतेय तर इथे गाण्याचं वातावरण आहे का, आणि एकटं वाटतं का, असं विचारलंत. व्हिसा, भाडं, विमा सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडते. फक्त जन्मदाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते आजच बघा. आमच्या लेकीच्या दाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर ते नव्हतंच. ॲफिडेविट, परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग तैवानवाल्यांचा शिक्का, मग चिनी भाषांतर. चार महिने! अजून आठवलं की डोकं फिरतं.

एकटेपणा येतो. सवय होते. पुढे.

गाणं म्हणाल तर इथे कचऱ्याची गाडीसुद्धा बेटोव्हेन वाजवत येते. १९९० पासून सरकार गोल्डन मेलडी पुरस्कार देतं, लोक त्याला जिनछ्यू म्हणतात. मँडरिनसोबत, म्हणजे इथल्या मुख्य चिनी भाषेसोबत, तैवानी, हाक्का आणि आदिवासी भाषांतल्या अल्बमांनाही वेगळी बक्षिसं. पारंपरिक संगीताचा सोहळा तर २०१४ पासून स्वतंत्रच होतो. मला याचं फार कौतुक होतं.

२०२० साली लेक दुसरीत होती. शाळेत आठवड्याला एक तास मातृभाषेचा. फॉर्म आला: तैवानी, हाक्का, आदिवासी भाषा, शिवाय व्हिएतनामी, इंडोनेशियन, थाई वगैरे सात. लेकीने बोट वरून खाली नेलं आणि विचारलं, "आपली कुठेय?" मी तैवानीवर खूण केली. त्याच सुमारास बाई म्हणाल्या, घरीही जरा चिनी बोलत जा, लवकर रुळेल. आणि आम्ही ऐकलं. मोडक्यातोडक्या चिनीत पोटच्या पोरीशी बोलायला लागलो. चिनी शब्दाचा सूर चुकला की ती हसायची.

ऑक्टोबरात जिनछ्यू टीव्हीवर लागलं. अबाओ नावाची पैवान जमातीची गायिका, आधी नर्स होती. अल्बमचं नाव 'किनाकाइआन', म्हणजे मातृभाषा. नुसतं आदिवासी भाषेचं नव्हे, सगळ्या भाषांत मिळून वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस त्याला मिळालं. मी सोफ्यावर बसून ढसाढसा रडले. लेकीने चिनीत विचारलं, काय झालं? मला ते चिनीत सांगता येईना, आणि मराठीत सांगितलं तर तिला किती कळेल, याची खात्री नव्हती.

सरकारी शाळेत खुशाल घाला. सुरुवातीचे दहा आठवडे बोपोमोफोची, म्हणजे चिनी उच्चार लिहायची, ३७ चिन्हंच गिरवतात, परदेशी पोरं मागे पडत नाहीत. शाळा चांगलीच आहे हो. बाईंचंही काही चुकलं नाही, त्यांनी फक्त सुचवलं होतं.

लेक आता बारा वर्षांची आहे. परवा फोनवर आजीला म्हणाली, "मी जेवण खाल्ली." आजी म्हणाली, "किती गोड बोलतेस गं!" मी कचऱ्याची पिशवी उचलून खाली गेले. गाडी यायला अजून अर्धा तास होता.