समाजशास्त्र घेतलंस? आधी येळवस बघ

व्याख्यांची घोकंपट्टी सुरू केलीस ना? थांब जरा. सुरुवातीला मानववंशशास्त्रज्ञ टायलरची १८७१ची संस्कृतीची व्याख्या पुरते: ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी, शिवाय समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे आत्मसात करतो ते सगळं. ‘आत्मसात’खाली रेघ मार, जन्मतः काही येत नसतं.

मग लातूरकडची येळवस घे, म्हणजे वेळा अमावस्येला शेतात होणारा सण. कडब्याची कोप (खोपी), आंबिलाचं मडकं ही भौतिक संस्कृती. चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, ही श्रद्धा अभौतिक. आणि समाज? शेत कुणाचं, राबतं कोण, बोलावणं कुणाला, पहाटेपासून भज्जीच्या (मिश्र भाजीच्या) पातेल्यापुढे कोण, ही नाती. मी पहिल्या वर्षी पेपरात नुसता सण रंगवून आलो, नात्यांवर एक ओळ नाही. मार्क गेले ते गेलेच.

नेहमीच्या चुका:
- संस्कृती म्हणजे गाणी-नाच एवढंच धरणं.
- कुणाला ‘असंस्कृत’ म्हणणं. या शास्त्रात तसा माणूसच नसतो.
- लोकरीती आणि लोकनीती एकच समजणं. ताटात टाकून उठलास तर नाक मुरडतील, ती मोडली लोकरीती. पाहुण्याला उपाशी लावून दिलंस तर गाव नावं ठेवील, ती मोडली लोकनीती.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांचं संस्कृतीकरण (खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलणं) वगैरे पुढच्या सत्रात. येत्या येळवशीला वही घेऊन कुणाच्याही शेतात जा. जेवल्याशिवाय सोडणार नाहीत, तेही लिहून घे.