वाचकांचे प्रश्न : बॉट्युलिझमची तपासणी

प्रश्न : सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पीसीआर हाताशी असताना बॉट्युलिझमसाठी अजून उंदीर का लागतात? प्रयोगशाळेत नेमकं काय करतात? – एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : बॉट्युलिझम हा मुख्यतः क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूच्या विषाने होणारा, स्नायू लुळे पाडणारा आजार. पीसीआर (जनुक शोधणारी चाचणी) सांगतं की विषाचं जनुक आहे. विष तयार झालं का, ते काम करतंय का, हे त्यातून कळत नाही. आजार विषाने होतो, म्हणून उंदरावरची चाचणी अजून प्रमाण मानतात. त्यासाठी प्राण्यांच्या नैतिक समितीची मंजुरी आधी हातात हवी.

अन्नाचा नमुना थंड खलात तेवढ्याच जिलेटिन-फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ६.२) घोटतात, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि वरचं नितळ पाणी घेतात. त्याचे तीन भाग : एक तसाच, एक ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं विकर) घालून ३७ अंशांवर तासभर ठेवलेला, एक १० मिनिटं उकळलेला, कारण उकळल्याने हे विष नष्ट होतं. ट्रिप्सिन टाळू नका. टाइप ई विष (या विषाच्या प्रकारांपैकी एक) त्याच्याशिवाय अर्धवट जागं असतं आणि निकाल फसवा येतो. प्रत्येक भाग दोन उंदरांना, पोटाच्या पोकळीत ०.५ मिलि. मग चार दिवस नजर. केस विस्कटतात, मागचे पाय लुळे पडतात आणि कंबर गांधीलमाशीसारखी आत ओढली जाते, कारण श्वास घेताना छातीचे स्नायू साथ देत नाहीत. ही कंबर एकदा पाहिली की विसरत नाही. लक्षणं न दिसता उंदीर काही तासांत मेला, तर ते बॉट्युलिझम धरायचं नाही. नमुन्यातलं दुसरं काही त्याला बाधलेलं असू शकतं. उकळलेल्या भागाचे उंदीर जगले आणि बाकीचे गेले, तरच ए, बी, ई, एफ या प्रकारांचं अँटिटॉक्सिन (विष निष्प्रभ करणारं औषध) वेगवेगळं मिसळून प्रकार ठरवायचा : ज्या अँटिटॉक्सिनने उंदीर वाचले, तो प्रकार.

सोबतच कल्चर, म्हणजे नमुन्यातला जिवाणू वाढवून पाहणं. कुक्ड मीट माध्यमाच्या नळ्या वापरण्याआधी १० ते १५ मिनिटं उकळून, न हलवता गार करा, नाहीतर हवा परत शिरते आणि या जिवाणूला हवा चालत नाही. मग नमुना घालून एक नळी न तापवता, एक ८० अंशांवर १० मिनिटं तापवून. टाइप ईचे बीजाणू (जिवाणूचं टणक, सुप्त रूप) त्या उष्णतेला टिकत नाहीत, त्यांच्यासाठी ६० अंश. पाच दिवसांनी एग योक अगारवर (अंड्याच्या बलकाचं माध्यम) मोत्यासारखी झाक असलेल्या वसाहती शोधतात. इथे जपून, कारण तशीच झाक निरुपद्रवी क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनेसही देतो. उलटही घडतं : १९९६ मध्ये गुजरातच्या एका निवासी शाळेतल्या ३४ विद्यार्थ्यांच्या विषबाधेत शेवेतून टाइप ई विषाचं जनुक असलेला क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम निघाला, आणि त्याच्या वसाहतींना ती झाक नसते. म्हणून वसाहत उचलून विष तपासल्याशिवाय रिपोर्ट लिहू नये.

सगळं काम सेफ्टी कॅबिनेटमध्ये. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. या कामात मोठी भीती टोचण्याचीच.

प्रश्न : पापण्या जड, दुहेरी दिसतंय, गिळता येत नाही, पण शुद्ध पूर्ण आहे, असा रुग्ण आला तर काय पाठवू? – एक निवासी डॉक्टर, शीव

उत्तर : आधी प्रयोगशाळेला फोन करा. रक्त अँटिटॉक्सिन देण्यापूर्वी घ्या. नंतरच्या रक्तात विष सापडत नाही. साध्या नळीत इतकं घ्या की १० ते १५ मिलि सीरम निघेल. शौच २५ ग्रॅम. बद्धकोष्ठ असतो म्हणून थोड्याशा निर्जंतुक पाण्याचा एनिमा चालेल, ग्लिसरीन नको. उरलेलं अन्न त्याच डब्यात. सगळं २ ते ८ अंशांवर, बर्फाच्या पॅकांत, गोठवू नका. मायस्थेनियाच्या (स्नायू लवकर थकण्याचा आजार) शंकेने निओस्टिग्मिन हे औषध दिलं असेल तर फॉर्मवर लिहा, उंदरांच्या निकालात ते घोळ करतं. तान्ह्या बाळात सीरम बहुधा रिकामं निघतं, तिथे शौचच मुख्य. आणि अँटिटॉक्सिन रिपोर्टसाठी थांबवू नका. उंदरांनाच चार दिवस लागतात.

प्रश्न : सोललेला लसूण तेलात आणि कोळंबीचं लोणचं बरणीत करून ठेवते. धोका आहे का? – एक गृहिणी, गिरगाव

उत्तर : कैरी-लिंबाच्या लोणच्याला भीती नाही, पीएच (आंबटपणाचं माप; जितकं कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली बॉट्युलिझमचा जिवाणू वाढत नाही. लसूण आणि कोळंबीत तो आंबटपणा नसतो, आणि तेल हवा बंद करतं, जे त्याला हवंच असतं. कोळंबीच्या लोणच्यात व्हिनेगर भरपूर घाला आणि बरणी फ्रिजमध्येच ठेवा. लसूण-तेल थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. वासावर जाऊ नका, विषाला वास नसतो. उकळल्याने बीजाणू मरत नाहीत, त्यांना प्रेशरखाली १२१ अंश लागतात. शंका आली तर चाखून पाहू नका, बरणी तशीच टाका. घरात कुणाला लक्षणं दिसली तर मात्र ती झाकण लावून रुग्णाबरोबर न्या.