बेल्डनच्या अलीकडेच बाहेर पड

प्रिय मित्रा,

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल (पीसीटी) ही मेक्सिको ते कॅनडा सीमेची लांब पायवाट चालताना, उत्तर कॅलिफोर्नियातल्या सिएरा सिटीत बसून तू विचारतोस की पुढे बेल्डन ते ओल्ड स्टेशन आगीमुळे बंद आहे, तर निदान बेल्डनपर्यंत चालून मग बघू का? नको. बेल्डन फेदर नदीच्या खोल दरीत आहे आणि बाहेर पडायला हायवे ७० हा एकच रस्ता. २०२१ची डिक्सी आग याच दरीत सुरू झाली, साडेनऊ लाख एकरांच्या वर पसरली, आणि तेव्हा हा रस्ताही बंद पडला होता. तू साधारण वीस मैल अलीकडे, बक्स लेकच्या रस्त्यावर ट्रेल सोड आणि क्विन्सी गाठ. तिथवर चार दिवसांचं खाणं पुरतं, तू पाच दिवसांचं उचल. जादा दिवसाचं पाऊण किलो ओझं वाटेल, पण क्विन्सीची वाट बंद निघाली तर त्याच जोरावर परत फिरता येईल.

आगीचा नकाशा आणि बंदीचा नकाशा हे दोन वेगळे कागद आहेत. आग कुठवर आली ते इन्सिवेब या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. कुठे पाऊल टाकायचं नाही ते वनविभागाच्या आदेशात असतं आणि पीसीटी असोसिएशनच्या बंदीच्या पानावर त्याची नोंद होते. बंदीचा पट्टा आगीपेक्षा बराच रुंद असतो, म्हणून फोनवर सापडलेली बाजूची पायवाट मोकळी दिसली तरी बहुधा बंदीतच असते. आदेश मोडला तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. व्हिसावर असलेल्या माणसाने हा जुगार खेळूच नये.

‘४० टक्के कंटेनमेंट’ वाचून हुरळू नकोस. आगीच्या कडेपैकी ४० टक्के भागावर रोखण्याची रेषा पक्की झाली, एवढाच त्याचा अर्थ. ४० टक्के आग विझली असा नव्हे. आणि शंभर टक्के झालं तरी ट्रेल लगेच उघडत नाही. जळून उभी राहिलेली झाडं वाऱ्याने कोसळत असतात, ती पाडायला आणि वाट साफ करायला महिने लागतात. ‘आठवडाभर थांबून बघतो’ या हिशेबात बहुतेकांचा ऑगस्ट वाया जातो.

रस्त्याच्या कडेने चालत बंद पट्टा पार करण्याचा विचारही सोड. कड अरुंद, अग्निशमनाच्या गाड्या भरधाव, वर धूर. हवेचा दर्जा सांगणारा एक्यूआय निर्देशांक १५०च्या वर असेल तर पाठीवर सामान घेऊन चढायचं नाही. गळ्यातल्या बफने, म्हणजे कापडी पट्ट्याने, धुराचे बारीक कण अडत नाहीत. एन-९५ मास्कच हवा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढीवर तो बसत नाही, हे दाढी वाढवणाऱ्यांना पटत नाही.

आता उडी कुठे मारायची, म्हणजे बंद पट्टा गाडीने ओलांडून पुन्हा चालायला कुठून लागायचं? माझं मत डन्समुइर. कोस्ट स्टारलाइट ही रेल्वेगाडी तिथे थांबते आणि ट्रेलवरचं कॅस्टेला तिथून काही मैलांवर आहे. क्विन्सीहून चिकोला जाऊन ती गाडी धरता येते, पण चिकोचा रस्ताही तोच हायवे ७०. तो बंद असेल तर पूर्वेकडून रेनो, तिथून सॅक्रामेंटो, आणि मग रात्रीची गाडी. दिवसातून एकच असते आणि डन्समुइरला पहाटेच्या सुमाराला सोडते. आरक्षण आधी कर.

या उडीत साधारण २३० मैल सुटतात, रोजच्या वीस मैलांच्या चालीने साडेअकरा दिवस. ते दिवस शेवटच्या वॉशिंग्टन राज्यासाठी राखून ठेव, कारण सप्टेंबरअखेर तिथे बर्फ कधीही गाठतो. ओल्ड स्टेशन ते कॅस्टेला हा उघडा तुकडा ऑक्टोबरात परत येऊन करता येईल. त्यात हॅट क्रीकच्या कड्यावर जवळजवळ तीस मैल पाण्याचा भरवसा नाही, आणि ऑगस्टपेक्षा ऑक्टोबरचं ऊन केव्हाही बरं. अमेरिकेत राहण्याची मुदत दाखवणाऱ्या आय-९४ या नोंदीवरची तारीख मात्र आधी बघ. शेवटाचाही हिशेब बदललाय: २०२५पासून कॅनडा ट्रेलवरून प्रवेशाचे परवाने देत नाही. सीमेच्या खांबाला हात लावून हार्ट्‌स पास या गाडीरस्त्याच्या खिंडीपर्यंत तीस मैल माघारी यावं लागतं, म्हणजे आणखी दोन दिवसांचं खाणं. क्रम उलटासुलटा झाला म्हणून पूर्ण ट्रेलची नोंद हुकेल, ही भीती नको. असोसिएशन क्रम आणि दिशा विचारत नाही.

कॅस्टेलाच्या पुढे, साइआड व्हॅलीच्या परिसरात जुने जळीत पट्टे लागतील. तिथे जळक्या खोडांच्या टप्प्यात तंबू लावू नकोस. वाटेपासून चार पावलं आत जायचं झालं तरी काठी आधी टेकव. मुळं जमिनीखाली जळून पोकळी झालेली असते, वर राखेची सपाट चादर. काठी सहज आत गेली तर तिथे पाय गुडघ्यापर्यंत जाईल.

राहिली पुढच्या गावांना आधीच पाठवून ठेवलेली खाण्याची खोकी. चेस्टर, ओल्ड स्टेशन, बर्नी या तिन्ही ठिकाणी क्विन्सीतूनच फोन कर. प्रायॉरिटी मेल या टपालसेवेचं न उघडलेलं खोकं पोस्ट पुढे फुकट पाठवतं, ते सरळ ऑरेगनमधल्या ॲशलंडला वळव. खाजगी कुरियरने पाठवलेल्यांना ही सोय नाही, त्यांची वेगळी चौकशी कर. ॲशलंडपर्यंतचं खाणं डन्समुइरच्या दुकानात घे. आणि क्विन्सीला रविवारी पोचू नकोस, पोस्ट बंद असतं.