‘मायनर’ निघालं, पण थकवा कशाचा?

मावशी, आम्ही टोरोंटोजवळ राहतो. माझं माहेर आणि सासर दोन्ही बडोद्याचं. लेक पंधरा वर्षांची आहे. गेले सात-आठ महिने ती सतत दमलेली असते. सकाळी उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते, जिना चढला की छातीत धडधडतं, डोकं दुखतं, हातपाय गार पडतात. पोहायला जायची, तेही सोडलं. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, थॅलेसेमिया ट्रेट, म्हणजे मायनर, निघाला. ते म्हणतात, याचा काही त्रास होत नाही. सासूबाई फोनवर म्हणतात, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या सुरू करा. डिसेंबरात तीन आठवडे बडोद्याला येतोय. सगळ्या टेस्ट तिकडेच करून टाकाव्यात का? रिपोर्ट सोबत जोडला आहे.

— एक बडोदेकरीण, कॅनडा

बाई गं, तुझा रिपोर्ट चष्मा पुसून दोनदा वाचला. मी डॉक्टर नव्हे. रावपुऱ्यात तीस वर्षं लॅब चालवलेली बाई. आकडे काय बोलतात ते सांगते, औषधाचं तुमच्या डॉक्टरांनीच बघायचं.

आधी एककांचा घोळ मिटवू. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १०८ लिहिलंय. बडोद्यात १०८ म्हटलं की लोकांना अ‍ॅम्ब्युलन्स आठवते, म्हणून घरच्यांना पाठवण्याआधी समजावून सांग. तिकडे एका लिटरमागे ग्रॅम मोजतात, आपल्याकडे डेसिलिटरमागे, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागामागे. म्हणजे हे आपलं १०.८. बी१२चं तर आणखी वेगळं. तिकडचा आकडा १५० असेल तर आपल्याकडे तो साधारण २०३ होतो. इकडचे आणि तिकडचे कागद शेजारी ठेवून ‘वाढलं, वाढलं’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. फेरिटिनचा, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा, आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच.

आता मुख्य गोष्ट. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ६३ आहे. ते ८०च्या वर असायला हवं. पेशी लहान का, याची दोन नेहमीची कारणं असतात: लोह कमी किंवा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक दोष आईबापांपैकी एकाकडूनच आलेला. तांबड्या पेशींची संख्या बघ, ५.६. लोह कमी असलं की कारखान्यात मालच नसतो, त्यामुळे पेशी लहान होतात आणि कमीही होतात. मायनरमध्ये पेशी लहान, पण निघतात भरपूर. ६३ला ५.६ने भाग, उत्तर ११.२५. हा भागाकार १३च्या खाली आला की थॅलेसेमियाकडे बोट जातं, वर गेला की लोहाकडे. हा नुसता अंदाज, पुरावा नव्हे. पुरावा तुझ्या दुसऱ्या पानावर आहे: हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत हिमोग्लोबिन ए२ ५.१ टक्के. ३.५च्या वर गेलं की बीटा थॅलेसेमियाचा वाहक. तेव्हा निदान बरोबर आहे, त्यात शंका काढू नकोस.

आणि तुमचे डॉक्टरही बरोबर बोलतायत. मायनरवाली माणसं गरबा खेळतात, पावागड चढतात, बाळंत होतात, आणि पुष्कळांना आपल्याला काही आहे याचा जन्मभर पत्ता नसतो. पण मग लेक जिन्यात का थांबते? ‘ट्रेटनं काही होत नाही’ हे खरं असेल, तर तिला जे होतंय ते दुसऱ्या कशानं तरी होतंय. डॉक्टरांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग सांगितला. दुसरा अर्धा तुला जाऊन विचारायचाय.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, चुकून शिकलेय. माझ्या बहिणीच्या मुलाचे रिपोर्ट माझ्याच लॅबमधून निघायचे. हिमोग्लोबिन अकराच्या आसपास, आणि मी दर वेळी म्हणायची, ‘लोह चालू ठेव, खजूर खा.’ दीड वर्ष! दुसऱ्यांच्या रिपोर्टवर मी तो भागाकार झोपेतही करायचे, भाच्याच्या रिपोर्टवर कधी केला नाही. शेवटी त्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांची थॅलेसेमियाची तपासणी झाली. गुजरातेत रेडक्रॉसनं कॉलेजांमधून अशी तपासणी वर्षानुवर्षं केली आहे. तो कार्ड घेऊन घरी आला, त्यावर ‘मायनर’. मी गप्प.

त्यानंतर चूक उलट्या बाजूनं झाली. पुढच्या नवरात्रात पोरगा एक फेरी खेळून रिंगणाबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी बसला. नऊ रात्री न थकणारा मुलगा. बहीण म्हणाली, मायनर आहे ना त्याला. मीही मान डोलावली. आठ महिने त्याचं झोपणं, वजन वाढणं, कोरडी कातडी, सगळं त्या एका शब्दाच्या खात्यावर जमा होत राहिलं. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी टीएसएच, ही थायरॉइडची रक्ततपासणी, करायला सांगितली, तेव्हा थायरॉइड मंद निघालं. गोळी सुरू झाली आणि पुढच्या नवरात्रात तो पुन्हा रिंगणात होता. हिमोग्लोबिन तेव्हाही अकराच होतं.

तुझ्या कागदांत मी पहिल्यांदा शोधलं ते फेरिटिन. नाही सापडलं. म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा किती, ते कुणी बघितलेलंच नाही. मायनर असलं म्हणून लोह कमी पडत नाही असं मुळीच नाही. पंधरा वर्षांची, पाळी सुरू झालेली मुलगी, तिला दोन्ही असू शकतं. आकडा १५च्या खाली असेल तर साठा संपलाच समज. पुष्कळ डॉक्टर ३०च्या खालीसुद्धा त्रास असेल तर दखल घेतात. ताप-सर्दी असताना फेरिटिन उगाच फुगतं, तेव्हा बरी असताना तपास. आणि हा आकडा हातात येईपर्यंत सासूबाईंच्या गोळ्या नकोत. लोह पुरेसं असताना महिनोन्‌महिने गोळ्या गिळून हिमोग्लोबिन वर जात नाही, पोट तेवढं बिघडतं. खजूर खाऊ दे, खजुरानं कुणाचं वाईट झालेलं नाही.

पाळीबद्दल तिला नीट विचार. सात दिवसांच्या वर जाते का, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, गाठी पडतात का. आपल्या घरांत ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून हा विषय संपतो. जोडीला नाकातून रक्त येत असेल, दात घासताना हिरड्यांतून येत असेल, तर रक्त गोठण्याचा काही दोष आहे का, हेही तपासायला सांग.

बी१२ तर हवंच, तुम्ही शाकाहारी असाल तर आणखीच. मायनरमध्ये त्याची एक गंमत असते. बी१२ कमी पडलं की पेशी मोठ्या होतात, मायनरनं त्या लहान होतात. दोघांची ओढाताण होऊन एमसीव्ही बरा दिसायला लागतो आणि बघणारा फसतो. बडोद्यात उतरल्या उतरल्या कुणीतरी ‘बी१२चं इंजेक्शन घेऊन टाका’ म्हणेलच. आधी रक्त दे, मग इंजेक्शन. एकदा ते टोचलं की आकडा आभाळात जातो आणि खरं काय होतं ते कळायचा मार्ग बंद.

टीएसएच कर. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाची गमी खात असेल, तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस थांबवायला सांग; त्यानं थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात. तिकडच्या हिवाळ्यात ड जीवनसत्त्व बघणंही वावगं नाही. आणि गव्हाचं पचत नाही का, म्हणजे सिलिअ‍ॅक, त्याचीही रक्ततपासणी असते. त्यासाठी ती गव्हाची पोळी खात असली पाहिजे. कुणाच्या सांगण्यावरून आधीच गहू बंद केलात तर तपासणी खोटी ‘ठीक’ येईल.

आता अंधारी आणि धडधड. हे रक्तात नेहमी सापडत नाही. घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे, तू शेजारी उभी राहून कर. दहा मिनिटं तिला शांत पडू दे, नाडी मोज. मग उभं करून दोन, पाच आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोज. कागदावर लिही, तारीख घाल. या वयात उभं राहिल्यावर नाडी मिनिटाला चाळीस किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल, तर उभं राहताना शरीर रक्ताचा तोल नीट सांभाळत नाही, असा एक विकार असतो. त्याचं नाव पॉट्स. लोहाच्या कमतरतेनं किंवा पाणी कमी प्यायल्यानंही नाडी वाढते, म्हणून नाव आपण द्यायचं नाही. कागद डॉक्टरांपुढे ठेवायचा. ‘ती दमते’ यापेक्षा ‘पडलेली असताना ७२, उभी राहिल्यावर ११८’ हे कुणालाही नजरेआड करता येत नाही.

मनाचंही विचारावं लागेल. झोप, शाळा, मैत्रिणी. फक्त ‘अभ्यासाचं टेन्शन असेल’ हे तूच आधी बोलून टाकू नकोस. तिकडे डॉक्टर या वयाच्या मुलांशी थोडा वेळ एकट्यानं बोलतात. तेव्हा तू बाहेर बसायचंस.

थांबायचं केव्हा नाही, तेही लिहून ठेव. डोळे पिवळे दिसले, डाव्या बरगडीखाली जड वाटलं, धावताना शुद्ध हरपली, वजन घटलं, ताप जात नसला, अंगावर निळे डाग यायला लागले, तर डिसेंबरची वाट बघायची नाही. हिमोग्लोबिन नऊच्या खाली घसरलं तरीही नाही. नुसत्या मायनरमध्ये ते सहसा इतकं उतरत नाही. तेव्हा रक्ताच्या तज्ज्ञांनीच बघायला हवं.

बडोद्यात टेस्ट करायच्या का? करा, पण तिकडच्या डॉक्टरांकडे फेरिटिन, बी१२, टीएसएच आजच मागून बघ. ही साधी रक्तं आहेत, त्यासाठी विमानात बसायची गरज नाही. इकडे आलीस तर पहिला आठवडा सोड. विमानप्रवासानं झोपेचं दिवस-रात्र उलटं झालेलं असतं, सगळेच थकलेले असतात. आणि आल्यावर तिघांची एचपीएलसी कर: तुझी, नवऱ्याची आणि धाकटं कुणी असेल तर त्याचं. एचपीएलसी नव्हती तेव्हा आम्ही फिकट मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकून नळीमागे काळी रेघ धरायचो. रेघ स्वच्छ दिसली तर ठीक, पाणी गढूळ राहून रेघ बुजली तर संशय. आता तुला तो खटाटोप नको.

‘हे सिंधी-लोहाण्यांत असतं, आपल्यात नाही,’ असं घरात कुणीतरी म्हणेल. त्यांच्यात जास्त आहे हे खरं; आपल्यातही आहे. दुसरं म्हणतील, लग्नाचं काय? लग्नाला काही होत नाही. दोघंही वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे थॅलेसेमियाचा गंभीर आजार, असण्याची शक्यता चारात एक, आणि ते आधी कळलं तर वेळेवर तपासणी करता येते. हे लेकीला तिच्या भाषेत आत्ताच सांग. वीस वर्षांनी कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं.

एक शेजारची गोष्ट: तुमच्यापैकी कुणाला साखर असेल आणि तोही मायनर निघाला, तर तीन महिन्यांच्या साखरेची टेस्ट त्याच्या बाबतीत चुकू शकते. डॉक्टरांना सांगून ठेवा.

फेरिटिन आलं की आकडा आणि तारीख मला कळव. नाडीचा कागदही फोटो काढून पाठव. आणि इथे रक्त द्यायला आलात तर तिला परत उपाशी घरी नेऊ नकोस. आधी शेव-उसळ, तिखट कमी सांगून.