जर्मन क्लायंट तोंडावर "हे चुकलंय" म्हणतो, गप्पाही मारत नाही. रागावलाय का?

बहुधा नाही. ऐरोलीत बसून जर्मन टीमसोबत काम करणाऱ्या पुष्कळांना सुरुवातीला हीच शंका येते. तिकडे चूक कामाची काढतात, माणसाची नाही. चूक दुरुस्त करून पाठवा. तीनदा 'सॉरी' नको.

खरा घोळ आपल्या "बघतो"मध्ये आहे. ठाण्यात कुणी "बघतो हं" म्हटलं की समजायचं, काम कठीण आहे. जर्मन माणसाला त्यात होकार ऐकू येतो आणि शुक्रवारी तो फाइल मागतो. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये याला हाय-कॉन्टेक्स्ट आणि लो-कॉन्टेक्स्ट अशी नावं दिली: आपला अर्धा अर्थ प्रसंगात, त्यांचा जवळजवळ सगळा शब्दांत.

म्हणून थेट सांगा: "शुक्रवारी जमणार नाही. टेस्ट डेटा आलेला नाही. आल्यावर दोन दिवस लागतील." वार सांगताना वेळही कुणाची ते सांगा, जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. आणि कॉलवर नुसतं "येस, येस" टाळा. आपल्यासाठी ते "ऐकतोय" असतं, त्यांच्यासाठी "मान्य".

गप्पांना हवामान, सुट्टी एवढं पुरे. पगार, लग्न, मुलं हे विषय त्यांनी काढल्याशिवाय नकोत.

अमेरिकन क्लायंट मात्र वेगळा. त्याचं 'हाउ आर यू' आपल्या "काय, जेवलात का?"सारखं, तब्येतीची चौकशी नव्हे. आणि तो आधी भरपूर कौतुक करतो. त्याचं 'बट' आलं की पेन उचला.