विकलेली खोली आणि न विचारलेला प्रश्न

"मॅडम, तेव्हा तसं केलं नसतं तर... हे डोक्यातून कधी जाणार?" माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी हे असतंच, म्हणून एका दादांची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पन्नाशीचे गृहस्थ. वडील गिरणीत, १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. लालबागच्या चाळीतली पागडीची खोली दादांनी २००४ साली विकली आणि बदलापूरला वन बीएचके घेतला. आता त्या चाळीच्या जागी टॉवर उभा आहे आणि दादा रोज लोकलमध्ये फोनवर त्याच टॉवरचे रेट बघतात, घरी येऊन जेवण जात नाही, झोप नाही, बायकोवर चिडचिड.

मी म्हटलं, २००४ साली तुम्हाला काय काय माहीत होतं ते लिहून काढा. त्यांनी लिहिलं, वडिलांच्या आजारपणाचं कर्ज, बहिणीचं लग्न तोंडावर, गळकं छत, रिडेव्हलपमेंटच्या नुसत्या बाता, बिल्डरचा पत्ता नाही. टॉवर होणार हे त्या कागदावर कुठेच नव्हतं! निकाल कळला की तो आपल्याला आधीच दिसायला हवा होता असं वाटायला लागतं, बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच हे प्रयोगातून दाखवलंय. म्हणजे दादा २००४ च्या स्वतःला आजचा रेट माहीत नसल्याची शिक्षा देत होते.

मग विचारलं, तेव्हा हातात होतं पण केलं नाही असं काही? बराच वेळ पेन तसंच धरून बसले आणि एकच ओळ लिहिली, 'आईला विचारलं नाही'.

टोकन घेतल्यावर आईला कळलं होतं. तिचं सगळं आयुष्य त्या गॅलरीत गेलेलं, नळावरच्या गप्पा, शेजारणींबरोबर लाटलेले पापड. बदलापूरला दारं बंद, ती म्हणायची इथे हाक मारायला कोणी नाही रे. तीन वर्षांत गेली. हे सांगताना दादा जे रडले ते पैशांसाठी नव्हतं, आणि हे त्यांचं त्यांनाच तेव्हा कळलं.

हे मी खूपदा बघते. वर दिसणारी खंत पैशाची, नोकरीची असते आणि खाली कोणाशी तरी न बोललेलं एक वाक्य अडकलेलं असतं. गिलोविच आणि मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत अभ्यास केला, त्यातही हेच निघालं की केलेल्या गोष्टी लगेच जास्त टोचतात, पण वर्षं गेली की न केलेल्या.

आई आता नाही, तिला विचारता येणार नाही, आणि त्यावर माझ्याकडे काही औषध नाही. ते दुःख आहे, ते दुःख म्हणूनच राहू द्यावं असं माझं मत आहे. पण बोलता बोलता दादा सहज म्हणाले की बदलापूरचा फ्लॅट विकून ठाण्याला जायचं बघतोय, एजंटशी बोलणं झालंय. वहिनींना विचारलं? तर गप्प! तिला त्यातलं काय कळतं, असं पुटपुटले आणि स्वतःच थांबले.

घरी जाऊन विचारलं. वहिनी सरळ नाही म्हणाल्या, त्यांचे डबे त्याच बिल्डिंगमध्ये जातात, सगळी गिऱ्हाइकं तिथलीच. दादा आधी भडकले, मग पुढच्या वेळी दोघं मिळून आले.

एक मात्र सांगते, खंत करता करता झोप-जेवण सुटलं किंवा जगूच नये असं वाटायला लागलं तर थांबू नका, टेली मानसचा १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

दादा अजून कधीतरी रेट बघतात. फ्लॅटचं काहीच ठरलेलं नाही, वहिनींनी एजंटला स्वतः दोन प्रश्न विचारलेत आणि मुलगी म्हणते माझी बारावी होईपर्यंत कोणी हलायचं नाही.